भूतबंगला: कोणाला आत न्यायचं, कोणाला बाहेर बसवायचं

ताई, तुम्ही विचारलंय की हिवाळ्यात लागलेल्या मेळ्यात यंदा खरी माणसं भुतं होऊन अंगावर येतात तसला भूतबंगला आलाय. दहा वर्षांची मुलगी हट्ट धरून बसली आहे, पाच वर्षांच्या धाकट्यालाही जायचंय आणि सासूबाई म्हणतात मीही येते. न्यावं का, आणि न्यायचं तर काय बघून?

मुलीला न्या. धाकट्याला यंदा नको. सासूबाईंचं शेवटी सांगतो, तो नाजूक विषय आहे.

मी हौशी नाटकांचे लाइट्स करतो. ओळखीपाळखीतून मेळेवाल्यांच्या जोडणीलाही बोलावणं येतं, म्हणून हा प्रकार मागच्या बाजूने पाहिलेला आहे. लोकांना वाटतं तिकीट अंधाराचं, सांगाड्यांचं आणि धुराचं आहे. ते सगळं भाड्याने मिळतं. तुमचे पैसे जातात आत उभ्या असलेल्या पोट्ट्याच्या टायमिंगला. मोटारीवर उठून बसणारा सांगाडा समोर कोण आहे ते पाहत नाही, त्याची वेळ झाली की तो उठतो. नट पाहतो. कोण हात धरून चाललंय, कोण जमिनीकडे बघतंय, कोण उगाच मोठ्याने हसतंय, हे सगळं तो तुम्ही वळणावर याल तेवढ्यात हेरतो.

त्याची जागा एकदा बघितली की भूतबंगला कळतो. दोन प्लायवूडच्या मधली हातभर फट, काळा पडदा, पडद्याला डोळ्याच्या उंचीवर पाडलेलं भोक. बाजूला सुतळीने टांगलेला पत्रा आणि चिंध्या गुंडाळलेली काठी. पडद्यातून उडी मारायच्या क्षणीच काठी पत्र्यावर बसली पाहिजे. आधी बसली तर लोक सावध होतात, नंतर बसली तर हसतात. आधी नाटकात छोटी कामं करणारा एक पोरगा अर्धा सफेदा पुसलेल्या चेहऱ्याने चहा पीत मला म्हणाला होता, "पोट्टे ओरडले ना काका, तर थकवा नाही येत. चूपचाप निघून गेले की मग पाय दुखते."

हे एवढं लांबवलं ते यासाठी की दिवस आणि वेळ यावरूनच ठरवायची. रविवारी संध्याकाळी किंवा ३१ डिसेंबरच्या आठवड्यात गेलात तर मालक माणसं एकामागोमाग आत ढकलतो. पुढच्या टोळीला घाबरवून नट जागेवर परत जायच्या आत तुम्ही तिथे हजर. मग तुम्हाला दिसतो मुखवटा कपाळावर सरकवून घाम पुसणारा भूत, आणि घरी येऊन तुम्ही म्हणता, पैसे पाण्यात गेले. मंगळवार-बुधवारी जा, दिवे लागणीनंतर पहिल्या तासात. तेव्हा आतल्या लोकांचा घसाही शाबूत असतो. दारावरच्या माणसाला सरळ सांगा, आमच्या घरच्यांनाच वेगळं सोडा, आधीचे बाहेर निघू द्या, आम्ही थांबतो. गर्दी नसली की ऐकतात.

आत जाताना ओळ कशी लावायची? पुढे चालणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती वाटते हा गैरसमज आहे. कसलेला नट पहिल्याला जाऊ देतो आणि दुसऱ्याला गाठतो, कारण पहिला डोळे ताणून असतो आणि दुसरा पहिल्याच्या पाठीमागे निर्धास्त. शेवटच्याच्या मागे तर कोणी ना कोणी लागतंच. त्यातही शहाणा नट तुम्हाला नेहमी पुढे पळवतो, मागे नाही. लोक मागे पळाले की मागून येणाऱ्यांवर आदळतात आणि वाट तुंबते. म्हणजे तुमच्याकडे मोठी माणसं दोन असतील तर एक पुढे, एक मागे, आणि मुलगी मधे पुढच्याच्या अगदी लगत. नट गाठेल तिलाच, पण पुढे-मागे आपलं माणूस असेल.

दुसरी एक खुबी आमच्या धंद्यातली. भूतबंगल्याच्या तोंडाशी एवढा झगझगीत फोकस का लावतात? नुसती जाहिरात नाही ती. उजेडातून काळोखात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीसेक मिनिटं लागतात, आणि तुम्ही तर काही मिनिटांत बाहेर येणार. म्हणजे संपूर्ण वेळ तुम्ही अर्धे आंधळे. मुलीला सौम्य डोस हवा असेल तर रांगेत फोकसकडे पाठ करून उभं करा. तेवढ्यानेही थोडा फरक पडतो. जिला पुरती भीती हवी तिने खुशाल दिव्याकडे बघावं.

डोस म्हटलं ते उगाच नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस विद्यापीठाच्या लोकांनी अशाच नटांच्या भूतबंगल्यात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून पाठवलं होतं. २०२० साली ते काम छापून आलं. भीती वाढते तशी मजा वाढते, पण एका टप्प्यापर्यंतच. त्यापुढे भीती चढली की मजा उतरते. दहा वर्षांच्या मुलीचा तो टप्पा कुठे आहे हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? आदल्या दिवशी घरी तिला सांगून ठेवा की आत सगळी माणसंच आहेत, चहा पिणारी. त्याने मजा कमी होत नाही. अचानक आवाज झाला की दचकणं ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. मला आतली प्रत्येक फट ठाऊक असते, तरी मी दचकतो.

आणि दचकल्यावर हातही आपोआप उठतो. कॉलेजची पोरं शौर्य दाखवायला भुताला धपाटा घालतात, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. त्या मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, चुकवणार कसं त्याने? हात खिशात किंवा एकमेकांच्या हातात ठेवा. मोबाइलचा टॉर्चही लावू नका, तुमच्यासोबत मागच्यांचाही खेळ जातो. नटाने मात्र तुम्हाला हात लावायचा नाही, हा नियम आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे. अंधाराचा फायदा घेणारे बहुतेक वेळा नट नसतात, गर्दीत घुसलेली टवाळ पोरं असतात. घरच्यांचीच टोळी वेगळी सोडायला सांगा म्हटलं, त्याचं निम्मं कारण हेच. काही झालंच तर टॉर्च लावायचा, मोठ्याने ओरडायचं आणि बाहेर येऊन मालकाला धरायचं. गप्प बसायचं नाही.

आता जे बघितल्याशिवाय तिकीट काढू नये ते. ११ मे १९८४ ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कातला हॉन्टेड कॅसल जळाला आणि आत अडकलेली आठ किशोरवयीन मुलं गेली. ट्रेलर एकमेकांना जोडून केलेली ती वाट होती. आतला एक दिवा नीट चालत नव्हता, अंधारात कोणीतरी लायटर पेटवला आणि भिंतीला लावलेल्या फोमने पेट घेतला. पाण्याचे फवारे नव्हते, धुराचा अलार्मही नव्हता. त्या आगीनंतर तिकडे नियम कडक झाले. आपल्या मेळ्यात काय असतं? प्लायवूड, काळं कापड, थर्माकोल, सुतळी. एकही गोष्ट न जळणारी नाही. म्हणून रांगेत लागण्याआधी त्या बांधकामाला बाहेरून एक चक्कर मारा. बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे, त्याच्यापुढे खुर्च्या किंवा खोकी रचलेली नाहीत ना, आग विझवायचं लाल सिलिंडर दिसतं का, वायरचे जोड उघडे लोंबत आहेत का. "मधेच बाहेर पडायचं असेल तर कुठून?" हा प्रश्न दारावर विचारा. उत्तर द्यायला माणूस चाचरला तर मी आत जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका. मैदानात आकाशपाळणा आहे, मौत का कुआँ आहे, मुलीची संध्याकाळ काही वाया जात नाही.

फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी लांबच राहावं, आत स्ट्रोब, म्हणजे भराभर उघडझाप करणारा दिवा असतो. दिवस गेलेल्या बायकांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनीही. दम्याच्या माणसाने धुराचं यंत्र आहे का ते आधी विचारावं.

धाकट्याबद्दल नागपूरकराला वेगळं मोजमाप लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला तो भला मोठा पुतळा, बघायला नेलं होतं का? काळी मारबत समोरून येताना तो टाळ्या वाजवत होता की बाबांच्या खांद्यात तोंड खुपसून होता? खांद्यात असेल तर प्रश्न मिटला. आणि टाळ्या वाजवत होता तरी थांबा. मारबत भरदिवसा येते, रस्त्यावरून येते, भोवती अख्खं शहर असतं आणि ती काही कानाशी येऊन किंचाळत नाही. पाच वर्षांचं पोर आत रडायला लागलं की त्याला उचलून अंधारात वाट काढणं हा भलताच प्रकार असतो. दारावरचा माणूस म्हणेल, "घेऊन जा हो, काही होत नाही." त्याला तिकीट खपवायचं आहे.

सासूबाईंना बीपी आणि गुडघ्यांचं कारण सांगू नका, मग त्या हमखास जातील. आत उंबरे असतात, उतार असतात, एखादी मुद्दाम हलणारी फळी असते, आणि दचकून पाय मागे पडला की धरायला काही नसतं. त्यांना सांगा, धाकट्याला दुसऱ्या कोणाजवळ ठेवायचा भरवसा वाटत नाही. दोघांना बाहेर पडायच्या दारासमोर खुर्चीवर बसवा, हातात गरम आलूबोंडा द्या. किंचाळत, एकमेकांवर आदळत बाहेर येणाऱ्यांचे चेहरे तिथून फुकटात बघायला मिळतात, आणि खरं सांगू का, अर्धा मेळा तिथेच उभा असतो.

स्वेटर मात्र घ्या सगळ्यांचे. आत गरम होतं, बाहेर आलं की मैदानावरचा गारठा एकदम झोंबतो. मुलीच्या गळ्यातली ओढणी-मफलर आत जाताना काढून ठेवा, फळीत अडकते.