घरी बनवलेल्या टू-वे स्पीकरचा आवाज कर्कश येतो. डबा मोडून नवा करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांचा) आणि एक इंची डोम ट्विटर (वरच्या स्वरांचा) घेतलात, सुताराकडून प्लायचे २१ सेंटिमीटर रुंद डबे करून घेतलेत आणि बाजारातलं तयार टू-वे नेटवर्क, म्हणजे खालचे-वरचे स्वर दोघांत वाटून देणारा क्रॉसओव्हर, आत बसवलंत. आता गाणं लावलं की ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात, गायकाचा आवाज पातळ येतो, तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येते पण डग्गा कुठे गेला कळत नाही. वूफर ८७ डेसिबलचा, ट्विटर ९१चा, दोन्हींवर ‘८ ओहम’ छापलंय. डबा मोडून जाड लाकडाचा करावा का, असं विचारताय.

मोडू नका. दोष डब्यात नाही, त्या नेटवर्कात आहे.

मीही यातूनच गेलोय. पहिली जोडी बनवली तेव्हा पुण्यात तपकीर गल्लीतून असंच एक हिरव्या पाटीवरचं नेटवर्क आणलं होतं. दुकानदार म्हणाला, “दादा, कुठल्याही स्पीकरला चालतं, फक्त वॅट बघून घ्या.” हे त्याने इतक्या खात्रीने सांगितलं की पुढची दोन वर्षं मी बिचाऱ्या डब्यालाच दोष देत बसलो. आत जुन्या उशीचा कापूस भरला, काढला, परत भरला. खाली फरशीचे तुकडे ठेवले. केबल बदलली, हे सांगायलाही आता लाज वाटते.

आधी तुमचे दोन आकडे बघू. वूफर ८७, ट्विटर ९१. म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला ट्विटर ४ डेसिबल जास्त वाजतो. स्वस्तातल्या तयार नेटवर्कात ट्विटरच्या वाटेवर एक कपॅसिटर असतो, फार तर जोडीला एक कॉइल. आवाज खाली आणणारे रेझिस्टर सहसा नसतातच, कारण तुम्ही त्याला कुठला ट्विटर जोडणार हे बनवणाऱ्याला कसं कळणार? हे झाले ४ डेसिबल. आता दुसरी गोष्ट. वूफरचे ते ८७ डेसिबल कागदावर येतात ते सहसा वूफर भिंतीएवढ्या मोठ्या फळीत बसवला आहे असं धरून. तुमची फळी २१ सेंटिमीटरची. वरचे स्वर या फळीच्या आधाराने सगळे पुढे येतात. खालच्या स्वरांची तरंगलांबी मात्र फळीपेक्षा कितीतरी मोठी असते, ते डब्याला वळसा घालून मागे पसरतात आणि समोर कमी पोचतात. याला बॅफल स्टेप म्हणतात. ढोबळ हिशोब असा की ११५ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागायचं. ११५ भागिले ०.२१, म्हणजे ५५० हर्ट्झच्या आसपास ही उतरण निम्म्यावर येते. मोकळ्या मैदानात फरक पुरता ६ डेसिबलचा पडतो. खोलीत मागची भिंत थोडं परत देते, म्हणून मी ३-४ धरतो. दोन्ही मिळवा: २००-४०० हर्ट्झच्या ज्या पट्ट्यात गळ्याचा भरीवपणा असतो, त्याच्या मानाने तुमचा ट्विटर ७-८ डेसिबल चढा वाजतोय. टोचणारच.

तिसरी गोष्ट त्या छापील ‘८ ओहम’ची. वूफरच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून बघा. आठ दिसणार नाहीत. माझ्या वूफरला ६.२ दिसले होते, आणि तो फक्त तारेचा डीसी रोध. प्रत्यक्ष संगीत चालू असताना हा आकडा जागेवर थांबतच नाही. मोकळ्यावर ठेवलेला वूफर रेझोनन्सला, म्हणजे तो आपसूक थरथरतो त्या ४०-४५ हर्ट्झजवळ, तीस ओहमच्या वर जातो, मग खाली येतो, आणि व्हॉइस कॉइलच्या (कोनामागच्या तारेच्या वेटोळ्याच्या) इंडक्टन्समुळे परत चढायला लागतो. इंडक्टन्स ०.६ मिलीहेन्री धरला तर २५०० हर्ट्झला हिशोबाने ११ ओहम येतात. पुस्तकातलं सूत्र मात्र सगळीकडे ८ धरूनच चालतं. २५०० हर्ट्झला लिंकविट्झ-रायली पद्धतीचा दुसऱ्या दर्जाचा (एक कॉइल आणि एक कपॅसिटर असलेला) फिल्टर काढलात तर उत्तर येतं १ मिलीहेन्रीची कॉइल आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कागदावर छान दिसतं. वूफरला जोडलं की ११ ओहमला तो फिल्टर भलतीकडेच वळतो. यावर सोपा तोडगा आहे, झोबेल: वूफरला समांतर एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, एकामागे एक. रेझिस्टर डीसी रोधाच्या सव्वापट, कपॅसिटर म्हणजे इंडक्टन्सला त्या रेझिस्टरच्या वर्गाने भागून. माझ्याकडे साडेसात ओहम आणि १० मायक्रोफॅरड आले. तेवढ्याने वूफर वरच्या बाजूला बराच सरळ वागायला लागतो.

आणि एवढं करूनही उलगडा होत नाही, कारण वूफरचा कोन स्वतःच वर जाऊन गळायला लागतो, त्याआधी बऱ्याच वेळा ४-५ किलोहर्ट्झला एक उंचवटा काढतो. ट्विटरचा डोम वूफरच्या कोनापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर पुढे असतो. २५०० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटरला ६५ अंशांचा फेरफार झाला. पुस्तक सांगतं की दुसऱ्या दर्जाच्या फिल्टरला ट्विटर उलटा जोडा, प्लस-मायनस बदलून. पण हे ६५ अंश मध्ये आले की तुमच्या बाबतीत उलटा बरोबर की सुलटा, हे पुस्तक सांगू शकत नाही. ते मोजूनच कळतं.

बीबीसीचा एलएस३/५ए हा सत्तरच्या दशकातला छोटा मॉनिटर तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेलच. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत बसून ऐकण्यासाठी केलेला, ५ लिटरच्या आसपासचा डबा, त्याचं बर्च प्लायही १२ मिलिमीटरच. आत बघाल तर जाडी नाही, वजन नाही, पण क्रॉसओव्हरची पाटी खचाखच भरलेली, आणि ट्विटरची पातळी जुळवून घ्यायला कॉइलवर वेगवेगळे टॅप (मधूनच काढलेली जोडटोकं). ती पाटी बघितली आणि फरशीचे तुकडे मी गच्चीत नेऊन टाकले.

तरी डब्याबद्दल थोडं सांगतो, कारण तुमचं डग्ग्याचं दुखणं थोडंफार तिथेही असू शकतं. वूफरच्या माहितीपत्रकात तीन आकडे शोधा: एफएस (रेझोनन्सची वारंवारता), क्यूटीएस (त्या रेझोनन्सला किती लगाम बसतो ते) आणि व्हीएएस (कोनाच्या लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये). ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी हा हिशोब बसवून दिला. त्याआधी डब्याचं माप बरंचसं अंदाजपंचेच असायचं. माझा वूफर ४२ हर्ट्झ, ०.३८ आणि २० लिटरचा होता. बंद डबा केला असता तर ८ लिटर पुरले असते, पण बास ७८ हर्ट्झपासून उतरायला लागला असता. पोर्टचा, म्हणजे हवेला पाइपची वाट ठेवलेला, केला तर १४ लिटर आणि ४२ हर्ट्झपर्यंत पोच. मी पोर्टचा केला: बाहेरून २१ गुणिले ३६ गुणिले ३० सेंटिमीटर, १८ मिलिमीटर प्लाय, मागच्या बाजूने आतून ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि २० सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप. पोर्टच्या त्या ४२ हर्ट्झच्या खाली आवाज दुप्पट वेगाने कोसळतो, ऑक्टेव्हला (वारंवारता निम्मी होताना) १२ऐवजी २४ डेसिबल, हे मात्र मान्य करून चालायचं. खोली लहान असेल, स्पीकर भिंतीला चिकटून ठेवणार असाल, तर बंद डबाच बरा.

सुताराला माप देताना एक काळजी घ्या. आमचे सुतारमामा १८ मिलिमीटरला ‘सहा सूत’ म्हणतात, आणि सहा सूत म्हणजे खरं तर पाऊण इंच, १९ मिलिमीटर. डब्याला हा एक मिलिमीटर काही करत नाही. पण मी त्यांना वूफरच्या भोकाचं माप म्हणून बाहेरच्या रिंगचा व्यास सांगून ठेवला होता. त्यांनी इमानदारीत तेवढं भोक पाडलं आणि वूफर थेट डब्यात जाऊन पडला. मामा बराच वेळ भोकाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “आतून झाकण लावायचंय का?” नवी फळी कापावी लागली. तेव्हापासून मी वूफरच घेऊन त्यांच्याकडे जातो. कोकणात किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या घरात राहत असाल तर एमडीएफच्या कडा फुगतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचं, ओल सोसणारं मरीन प्लाय महाग पडतं, पण घ्या.

आता मोजणी. एक साधा मेझरमेंट माइक, दोन इनपुटचं यूएसबी साउंडकार्ड आणि लॅपटॉप. मोजायला आरईडब्ल्यू आणि क्रॉसओव्हर जुळवायला व्हिट्युइक्सकॅड, दोन्ही प्रोग्राम फुकट मिळतात. मी सकाळी साडेपाचला गच्चीवर मोजतो, कारण सहानंतर कुकरच्या शिट्ट्या सुरू होतात आणि त्या नेमक्या ट्विटरच्या पट्ट्यात येतात. स्पीकर आणि माइक दोन्ही सव्वा मीटर उंचीवर, मध्ये एक मीटर अंतर. जमिनीवरून परतलेला आवाज सरळ आवाजानंतर ५ मिलिसेकंदांनी पोचतो. त्याच्या आधीचाच तुकडा ठेवायचा, बाकी कापायचं. त्यामुळे २०० हर्ट्झच्या वरचं विश्वासाने वाचता येतं. खालचं हवं असेल तर माइक वूफरच्या कोनाला जवळजवळ टेकवून वेगळं मोजायचं. डबा पुरा जोडून वूफर एकटा, ट्विटर एकटा, मग दोन्ही मिळून. या तीन मोजण्यांत माइक जागचा हलवायचा नाही, केसभरही नाही.

ट्विटर एकटा मोजताना त्याच्या मालिकेत २०-३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरू नका. मी एकदा विसरलो. स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा मोजणीचा स्वर, २० हर्ट्झपासून सुरू झाला, ‘टिक्’ असा एवढासा आवाज आला आणि पुढे शांतता. उघडून बघितलं तर केसासारखी तार एका जागी काळी पडून तुटली होती.

सगळ्यात समाधानाचा क्षण येतो तो उलट्या जोडणीच्या चाचणीत. क्रॉसओव्हर जुळला असं वाटलं की ट्विटरच्या तारा मुद्दाम उलट करायच्या आणि परत स्वीप घ्यायचा. वूफर-ट्विटर खरंच एका सुरात असतील तर आता जोडाच्या ठिकाणी ते एकमेकांना खोडून काढतात आणि आलेखात विहिरीसारखा खड्डा पडतो. पहिल्या खेपेला माझा खड्डा जेमतेम ६ डेसिबलचा आणि एका बाजूला कलंडलेला होता. कॉइल १ मिलीहेन्रीवरून वाढवत १.८वर नेली (त्यातच बॅफल स्टेपची भरपाईही झाली), ट्विटरचा कपॅसिटर बदलला, आणि चौथ्या सकाळी तो २४०० हर्ट्झला २५ डेसिबल खोल, सरळसोट उतरला. तारा परत सुलट्या केल्या आणि तानपुरा लावला. तोवर तो मला फक्त तारांचा झणझणाट ऐकू येत होता. त्या दिवशी भोपळा ऐकू आला.

कॉइल एअर कोअरच (आत लोखंड नसलेल्या) घ्या, जाड तारेच्या. ट्विटरच्या वाटेतला कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा असू द्या, झोबेलला साधा बायपोलर चालतो. सोन्याचांदीच्या कपॅसिटरच्या गप्पा मारणाऱ्यांना नमस्कार करून पुढे जा. दोन कॉइल शेजारी शेजारी आडव्या ठेवू नका, एकमेकींना काटकोनात ठेवा, नाहीतर एकीचं दुसरीत शिरतं.

हे सगळं करायला तुम्हाला महिना-दोन महिने लागतील. तोवर आज संध्याकाळी एवढं करा: ३.३ आणि १५ ओहमचे, १० वॅटचे पांढरे सिमेंट रेझिस्टर प्रत्येकी दोन आणा. नेटवर्क आणि ट्विटरच्या मध्ये, ट्विटरच्या प्लस तारेत ३.३ ओहम, आणि ट्विटरच्या दोन टोकांवर आडवा १५ ओहम. ट्विटर साधारण ४ डेसिबल खाली येतो आणि नेटवर्कला भार अजूनही आठ-साडेआठ ओहमचाच दिसतो. मग पिंक नॉइज (सगळे स्वर एकत्र असलेला, सतत खळखळणारा आवाज) लावून, नेहमीच्या जागी बसून, कुणाला तरी ट्विटरच्या तारा उलटसुलट करायला सांगा. गळ्याच्या पट्ट्यात जे भरीव वाटेल ते ठेवा. दोन्ही स्पीकरना तसंच, एकाला उलट आणि एकाला सुलट नको. डग्गा याने पुरता परत येणार नाही, कारण बॅफल स्टेप तशीच राहते, पण ‘स’ टोचायचा बराचसा थांबेल. वूफरचं मॉडेल आणि मल्टिमीटरवर दिसलेला आकडा कळवा, म्हणजे कॉइल कितीची घ्यायची ते सांगतो.