कोरियन गाणी ऐकून कुणी कोरियाचं ऐकतं का?

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, मोबाईलवर कोरियन शिकत बसते आणि वर मलाच सांगते की ही कोरियाची सॉफ्ट पॉवर आहे. गाणी-सिरियलींनी खरंच देशाचं काही भलं होतं का? आणि आपल्याकडे आहे का असं काही?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, मुलगी बरोबर बोलतेय. धाक किंवा पैसा न दाखवता दुसऱ्याला आपल्याकडे ओढायचं, याला जोसेफ नाय या अमेरिकन प्राध्यापकांनी १९९० मध्ये सॉफ्ट पॉवर हे नाव दिलं. काम त्याच्या कितीतरी आधीपासूनचं, आपली भाषा-संस्कृती परदेशात पोचवणाऱ्या संस्थाच बघा, फ्रान्सची आलियान्स फ्रान्सेज १८८३ची, ब्रिटिश कौन्सिल १९३४ची, आपली आयसीसीआर म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५०ची, मौलाना आझादांनी काढलेली.

कोरिया १९९७च्या आर्थिक संकटात पार हादरला होता, मग किम दे-जुंग अध्यक्ष झाले आणि १९९९ला सिनेमा, संगीत, गेम्स या धंद्यांसाठी कायदाच केला, पैसा लावला. पण गाणी काही सरकारने लिहिली नाहीत. २०२५च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडसाठी एवढी गर्दी झाली, त्यांनाही ब्रिटिश सरकारने पाठवलं नव्हतं, लोकांना गाणी आवडतात म्हणून लोक गेले.

आता देशाचं ऐकतात का, तर दरवेळी नाही. कोरियाने अमेरिकेची थाड क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं ठरवलं तेव्हा चीनला ते खटकलं आणि त्यांनी कोरियन कलाकार आणि शोज अडवले, तिथे फॅन ढीगभर होते तरी. आणि अमेरिकेचं बघा, हॉलिवूड तेच होतं पण २००३ला इराकवर हल्ला केला आणि जगभर नाव खराब झालं. नाय स्वतःच सांगायचे की संस्कृतीबरोबर देशाची मूल्यं आणि परराष्ट्र धोरणही लोक बघतात.

आपला योग दिवस तुम्हाला माहीतच आहे, २०१४ला युनोत १७७ देश त्या ठरावाचे सहप्रस्तावक होते. पण मला विचाराल तर त्याहून मोठं काम आयटेक या भारत सरकारच्या प्रशिक्षण कार्यक्रमाचं, १९६४ पासून आफ्रिका-आशियातले अधिकारी, इंजिनियर इथे येऊन ट्रेनिंग घेऊन जातात आणि त्याची बातमी कुठे दिसत नाही. हेच लोक उद्या आपापल्या देशात निर्णय घेणार, म्हणून सांगते, परदेशी विद्यार्थ्याला रंग बघून भाड्याने घर नाकारणं मला फार लागतं, तो घरी जाऊन भारताबद्दल काय सांगेल?

मुलीला टोपिक परीक्षेबद्दल विचारा, कोरियन भाषेची आहे, तिथल्या युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशनला उपयोगी पडते. आणि ग्लोबल कोरिया स्कॉलरशिपही बघून ठेवा, ती कोरियन सरकारच देतं.