“मॅडम, माझी सहनशक्ती वाढवून द्या”

बोलता बोलता तिचा फोन थरथरला. पर्समधून काढून तिने नाव बघितलं आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. उभ्यानेच “हो सर... हो सर... आणते सर” झालं, फोन ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. ओशाळून खाली बसली. त्या दिवशी रविवार होता.

वय २६. सोलापूर जिल्ह्यातून पुण्यात आलेली, वकिलीची सनद मिळून अडीच वर्षं झालेली, शिवाजीनगर कोर्टात एका नावाजलेल्या दिवाणी वकिलांकडे ज्युनियर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मागणी सरळ होती. “मॅडम, माझी सहनशक्ती वाढवून द्या. बाकीचे ज्युनियर टिकतात, मीच कमी पडते.” तरुण वकील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बहुतेकांची चिंता हीच असते.

सर काय करायचे? मुदतीचा अर्ज नामंजूर झाला की कोर्टाच्या पॅसेजमध्ये, पक्षकारासमोर, “लॉ कॉलेजात काय भाजी विकत होतीस का?” फाइल हातात न देता अंगावर भिरकावायची. रात्री साडेअकराला “ड्राफ्ट कुठाय?” आणि सकाळी तो ड्राफ्ट न वाचताच बाजूला. महिन्याचे आठ हजार, तेही कधी कधी लांबायचे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, ज्युनियरना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत म्हणून. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तिने एकदा तो विषय हळूच काढला. उत्तर आलं, “आमच्या सरांनी आम्हाला चहासुद्धा पाजला नव्हता.”

पहिल्या बैठकीत मी चुकले. शांत वेळ बघून सरांशी स्पष्ट बोल, असं सांगून मोकळी झाले. ती बोलली. सर म्हणाले, “मग उद्यापासून घरी बस. तुझ्या वडिलांना मीच फोन करतो.” कंपनीत असा सल्ला निदान चालून जातो, कारण तिथे दाद मागायला तिसरं कोणीतरी असतं. वकिलाच्या ऑफिसात नेमणूकपत्र नसतं, एचआर नसतं. सर, क्लार्क आणि फायलींची कपाटं. मी तिची माफी मागितली आणि दुसरीकडून सुरुवात केली.

“कोर्टाच्या रोजनाम्यात, म्हणजे रोजच्या कामाच्या नोंदीत, काय लिहितात गं?”

“काय झालं ते. कोण हजर, कोण गैरहजर, कोणी पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, पुढची तारीख.”

“आणि कोणाला काय वाटलं ते?”

“ते नाही लिहीत.”

मग दोन आठवडे तिने स्वतःचा रोजनामा ठेवला. वहीतल्या दोन नोंदी तिच्या परवानगीने देते. (निशाणी म्हणजे कोर्टात दाखल कागदाचा क्रमांक.) “स. १०.४०. सर ओरडले. निशाणी ३२ ऐवजी २३ लिहिली. चूक माझी.” “दु. ३.१५. सर ओरडले. समोरचे वकील आले नाहीत. मी तेव्हा नक्कल विभागात रांगेत होते.”

एकूण १७ नोंदी निघाल्या. तिच्या चुकीच्या चार. तिने बोट ठेवून पुन्हा मोजल्या.

त्या चार आम्ही सोडून दिल्या नाहीत. ड्राफ्टवर तीनदा लाल रेघा मारणारा सीनियर कडक असतो, पण तो शिकवत असतो, आणि वकिली तशीच शिकावी लागते. याच सरांनी एका संध्याकाळी दोन तास बसून तिला उलटतपासाची प्रश्नावली कशी बांधायची ते समजावलं होतं. ते सांगताना तिचे डोळे चमकले. नुसता वाईट माणूस सोडून जाणं सोपं असतं. इथे शिकवणारा आणि अंगावर फाइल फेकणारा एकच होता. म्हणून तर ती १३ नोंदींनाही शिक्षणाची फी समजत आली होती.

अशा वेळी मी दोन गोष्टी विचारतेच. स्पर्श, मेसेज, नको ते बोलणं? ती नाही म्हणाली. हो असतं तर रस्ता वेगळा होता: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातल्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करता येते. दुसरं, जगणं नकोसं वाटतं का? तसं असेल तर बाकी सगळं नंतर. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिची फक्त झोप उडाली होती.

खरी गाठ पुढे होती. तिला न्यायाधीशाची परीक्षा द्यायची होती. त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये परत आणली. “सरांनी सर्टिफिकेट दिलं नाही तर?” मी म्हटलं, निकाल मोबाइलवर काढ आणि मोठ्याने वाच. प्रमाणपत्र किमान दहा वर्षं वकिली झालेल्या त्या कोर्टातल्या वकिलाचं, प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने पृष्ठांकित केलेलं, म्हणजे दुजोऱ्याची सही केलेलं. “यात तुझ्या सरांचं नाव कुठे आहे?” ती थांबली, मग हसायलाच लागली. दिवसभर कायदा वाचणारी मुलगी, पण तो परिच्छेद तिने भीतीने वाचला होता.

सोडायला तीन महिने घेतले. प्रत्येक फाइल, तिची पुढची तारीख, काय बाकी आहे, अशी यादी करून क्लार्कची सही घेतली. एकही पक्षकार सोबत नेला नाही. नवीन जागा धरण्याआधी तिथल्या दोन जुन्या ज्युनियरना एकच प्रश्न विचारला: “मॅटर हरल्यावर मॅडम कशा बोलतात?”

आता ती फॅमिली कोर्टात एका वकील मॅडमकडे आहे. १२ हजार मिळतात. जुने सर समोर आले की हात अजून गार पडतात म्हणते. सर सोडल्याचं वडिलांना सांगितलेलं नाही. गावी अजून त्याच सरांचं नाव सांगितलं जातं. पुढच्या बैठकीत तेच घ्यायचं ठरलंय.