वाचक विचारतात: अडीचशेचा क्लोन, गंजलेला सेन्सर आणि चिकटलेला रिले

या वेळी पत्रं भरपूर आलीयत, त्यातली चार घेतोय, बाकीच्यांनी रुसू नका. आणि एक विनंती, "चालत नाही" एवढंच लिहून पाठवू नका राव, जोडणीचा एक फोटो सोबत टाका.

प्रश्न: सर, मी डिप्लोमा सेकंड इयरला आहे. अडीचशे रुपयांचा अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम टाकून सेन्सर, मोटर असलं काही चालवायचा छोटा बोर्ड) मागवला, लॅपटॉपला लावला की लाईट लागतो पण लॅपटॉपमध्ये पोर्टच (बोर्डाशी बोलायची वाट) दिसत नाही. मित्र म्हणतो डुप्लिकेट आहे, परत कर. असले बोर्ड वापरणं म्हणजे चोरी आहे का?
(एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर: परत करू नकोस, आधी केबल बदल. चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त पॉवरच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच, मग लाईट लागतो आणि पोर्ट येत नाही. केबल बदलूनही तेच झालं तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून यूएसबीची चिप (लॅपटॉप आणि बोर्डातला दुभाषा) बघ. जुन्या ओरिजिनल नॅनोवर एफटीडीआय कंपनीची चिप असते, स्वस्तातल्यावर बहुतेक सीएच ३४०, तिचा ड्रायव्हर (लॅपटॉपला ती चिप ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) टाकला की पोर्ट येतो.

चोरीचं म्हणशील तर नाही. अर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावच्या डिझाईन शिकवणाऱ्या संस्थेत सुरू झालं, आणि संस्थेचे पैसे संपत आले होते, दारं बंद झाली तर आपलं कामही त्यात अडकेल या धास्तीने त्या मंडळींनी डिझाईन सगळ्यांना खुलं करून टाकलं. त्यामुळे बोर्ड कुणीही बनवावा, विकावा. फक्त नाव आणि लोगो खुले नाहीत, ते ट्रेडमार्क आहेत. नाव न लावता विकलेला तो क्लोन, खोटा लोगो छापून विकलेला तो डुप्लिकेट, मित्राला हा फरक सांग. (नाव तिथल्या एका बारवरून घेतलंय, आणि त्या बारला हजार वर्षांपूर्वीच्या राजाचं. आपल्याकडे टपरीवरून बोर्डाला नाव द्यायची हिंमत कुणी करेल का!)

प्रश्न: डाळिंबाला ठिबक आहे, शेततळ्यावर १ एचपीची सिंगल फेज मोटर. मुलाने अर्डुइनो, ओलावा मोजायचा दोन काट्यांचा सेन्सर आणि रिले (अर्डुइनोच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) लावून ऑटोमॅटिक केलं. महिन्याभरात सेन्सरचे काटे खाल्ले गेले, आणि परवा मोटर बंदच होईना, रात्रभर पाणी चालू. मुलगा म्हणतो प्रोग्राम बरोबर आहे.
(एक शेतकरी, सांगोला)

उत्तर: पोराला बोलू नका, प्रोग्राम बरोबरच असणार. दोन्ही ठिकाणी दोष जोडणीचा आहे.

सेन्सरचं मी स्वतः भोगलंय, तुळशीच्या कुंडीत खोचून ठेवला होता, तीन आठवड्यांनी उपसला तर एक काटा हिरवट पडून निम्मा झालेला आणि दुसरा जवळजवळ धड. एकच का खाल्ला जातो? कारण डीसी करंट ओल्या मातीतून सतत एकाच दिशेने जातो आणि पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळत राहतो. म्हणजे आपणच मातीत तांबं पेरत बसतो. उपाय फुकटातला आहे: सेन्सरची पॉवर ५ व्होल्टला कायमची न जोडता अर्डुइनोच्या एका डिजिटल पिनला (प्रोग्रामने चालू-बंद होणाऱ्या) जोडा, अर्ध्या तासातून एकदा पिन चालू करायची, क्षणभर थांबून रीडिंग घ्यायचं, लगेच बंद. त्याला लागतो काही मिलीअँपियर करंट, पिन २० पर्यंत आरामात देते. नाहीतर कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्याचा धातू मातीला लागतच नाही, पण त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडा पाणी पितात, तिथे आणि वरच्या पार्टवर नेलपॉलिशचे दोन हात द्या. त्याचा आकडा ओल वाढली की कमी होतो, तेव्हा प्रोग्रामची अट उलटी करावी लागते का ते पोराला तपासायला सांगा. आणि काळ्या रानात भेग पडली की काट्याभोवती हवा शिरते, मग माती ओली असूनही सेन्सर कोरडं कोरडं म्हणून बोंबलतो, म्हणून एकाच्या भरवशावर राहू नका, निदान तीन ठिकाणी खोचा.

आता रिले. त्या निळ्या डबीवर १० अँपियर लिहिलेलं असतं, आणि मोटर चालताना घेते सहा-सात, म्हणून वाटतं की भागेल. पण तो आकडा हीटर, बल्ब असल्या सरळ लोडचा. मोटर सुरू होताना पाच-सहा पट ओढते, ठिणगी पडते, आणि एक दिवस आतले दोन पॉइंट वेल्डिंग केल्यासारखे चिकटतात. मग अर्डुइनोने कितीही बंद म्हटलं तरी ऐकतंय कोण. रिलेने मोटर चालवायचीच नाही, कॉन्टॅक्टरची (मोटरचा भार झेलणारा दणकट मोठा रिले) कॉइल चालवायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टर घेईल. तुमची सिंगल फेज आहे तर २३० व्होल्टच्या कॉइलचा कॉन्टॅक्टर मिळतो. थ्री फेजवाल्यांनी हे वाचून सरळ स्टार्टरला रिले लावू नये, तिथली कॉइल बऱ्याचदा ४१५ व्होल्टची असते आणि ही डबी २५० ची. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, मेन उतरवून. शिवाय प्रोग्राममध्ये वेळेची मर्यादा टाका, सेन्सर काहीही म्हणो, ४० मिनिटांनी मोटर बंद.

प्रश्न: मी हवामान मोजायचा एक बोर्ड डिझाईन केलाय, सगळ्यांना फुकट द्यायचाय, पण कुणी विकून पैसे कमवू नयेत. कुठलं लायसन्स लावू?
(नाशिक)

उत्तर: विकायला बंदी घातलीत की मग त्याला ओपन हार्डवेअर (खुलं डिझाईन) म्हणता येत नाही, त्या व्याख्येतच विकायची मुभा आहे. तुमची खरी भीती अशी असेल की कुणीतरी घेईल, सुधारेल आणि सुधारणा दाबून बसेल, तर सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या ओपन हार्डवेअर लायसन्सची २०२० ची आवृत्ती बघा. तिच्यात तीन प्रकार आहेत, त्यातला एस म्हणजे बदल करून बोर्ड वाटला तर बदललेलं डिझाईनही त्याच अटीवर द्यावं लागतं. डब्ल्यू थोडा सैल, पी जवळपास मोकळा. मी तुमच्या जागी असतो तर एस लावला असता. आणि नुसत्या गर्बर फाईली (कारखान्याला बोर्ड छापायला देतात त्या) देऊ नका हो! त्यावरून बोर्ड छापून येतो पण त्यात बदल करणं म्हणजे डोकेदुखी, कायकॅड या बोर्ड डिझाईनच्या सॉफ्टवेअरची मूळ फाईल आणि पार्टची यादी द्या.

प्रश्न: आमच्या हायस्कूलला ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) परवडत नाही. काही स्वस्तातलं?
(एक शिक्षिका, जुन्नर)

उत्तर: बाई, एक्सपआईज बघा. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने शाळा-कॉलेजसाठीच केलेला डबा आहे, यूएसबीवर चालतो, डिझाईन खुलं आहे आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून हाताळता येतो. खऱ्या ऑसिलोस्कोपइतका वेगवान नाही, पण एसीची लाट दाखवायला, आवाजाचा वेग मोजायला, कपॅसिटर चार्ज होताना बघायला पुरतो. तुमच्यापासून पाबळही लांब नाही, तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब (मशीनवर वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा) आहे, मुलांची एक सहल तिकडे न्या. डबा आला की त्याच्या ए-वन आणि ए-टू या (व्होल्टेज मोजायला वायर लावतात त्या) खुणांजवळ ठळक अक्षरात "१६ व्होल्टच्या वर नाही" अशी चिठ्ठी चिकटवा, कारण वर्गात एकतरी पोरगं प्लगाच्या भोकात वायर घालून बघणारच.