कोरड्या भागात एक तलाव आटतो आणि जवळचाच दुसरा टिकतो, असं का?

पाणी येतं कुठून ते आधी बघा, तिथला पाऊस नंतर. आमच्या बेळगाव जिल्ह्यातलंच घ्या. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला गेलात की जवळच रेणुकासागर जलाशय आहे. भाग पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात गावतळी तळ दाखवतात, चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा. पण रेणुकासागर मलप्रभेवर, आणि मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यात कणकुंबीला, घाटमाथ्याच्या धो धो पावसात. म्हणजे सौंदत्ती कोरडी गेली तरी तो भरू शकतो. उलट कणकुंबीला पाऊस रुसला, तर सौंदत्तीत चार सरी जास्त पडून काही होत नाही.

गावतळ्याला असा श्रीमंत मामा नसतो. ओढ्याचं येईल तेवढंच. त्यात पसारा मोठा नि खोली कमी, म्हणून उन्हाने वाफ झपाट्याने होते. आटत्या तळ्याच्या काठी दगडांवर पांढरा पट्टा दिसतो ना, ते मागे राहिलेले क्षार. भोवती बोअरवेल वाढल्या की भूजल खाली जातं, मग तळ्यातलं पाणी जमिनीत झिरपणंही वाढतं.

नदीच वळवली तर मोठ्या तलावाचंही तेच. मध्य आशियातला अरल समुद्र, नावाला समुद्र पण खरं तर तलावच, आटला तो मुख्यतः १९६० नंतर नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडे नेल्यामुळे.