प्रश्न तुमचे: फ्लास्कमध्ये नेमकं चाललंय काय?

मागच्या वेळी केमिस्ट्रीचे प्रश्न पाठवा म्हटलं आणि इतके आले की निवडताना दमछाक झाली. बहुतेक फर्स्ट इयरवाले, एकदोन पालक, आणि नोकरी करता करता परत शिकायला बसलेले काहीजण. पाच घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण निम्म्या पत्रांचं दुखणं तेच होतं.

मॅडम, लेक्चर चालू असताना सगळं कळतं, पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचलं की वाटतं येतंय की आपल्याला, पण पेपरात तेच जरा फिरवून आलं की डोकं बंद. लिमिटिंग रिएजंटला मी ज्याचे ग्रॅम कमी तो धरतो, कधी बरोबर येतं कधी चुकतं. तासन्तास बसतो हो अभ्यासाला, कुठे अडकतंय?

अरे, कधी बरोबर येतं कधी चुकतं हेच वाईट आहे, नेहमी चुकलं असतं तर तू कधीच तो नियम टाकून दिला असतास. लिमिटिंग रिएजंट म्हणजे जो पदार्थ आधी संपतो तो, आणि ज्याचे ग्रॅम कमी तो आधी संपणार, असं काही नसतं. ग्रॅम तराजूला कळतात, रिअ‍ॅक्शनला कळत नाहीत, तिथे नगावर हिशोब चालतो, दोन हायड्रोजनचे रेणू आणि एक ऑक्सिजनचा, मिळून पाण्याचे दोन. आता नग मोजायचे कसे, तर मोल. एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, आणि २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केलाय, त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके असं म्हणायचे. (गंमत म्हणजे ज्याच्या नावाने हा आकडा ओळखतात त्या अ‍ॅव्होगाड्रोने तो कधी काढलाच नव्हता. त्याने १८११ मध्ये एवढंच मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. आकडा नंतरच्यांनी काढला.)

आता तुझाच नियम लावून बघू. हायड्रोजन २ ग्रॅम, ऑक्सिजन १० ग्रॅम. तू म्हणशील हायड्रोजन संपणार. मोजू. हायड्रोजनच्या एका मोलचं वजन साधारण २ ग्रॅम, म्हणजे झाला १ मोल. ऑक्सिजनचं ३२, म्हणजे १० भागिले ३२, झाले ०.३१२५ मोल. एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजन लागतात, म्हणजे एवढ्या ऑक्सिजनला ०.६२५ मोल हायड्रोजन पुरे, आपल्याकडे तर अख्खा १ आहे. संपला ऑक्सिजन! पाणी किती, तर ०.६२५ मोल, १८ ने गुणलं की ११.२५ ग्रॅम, आणि हायड्रोजन ०.७५ ग्रॅम उरला. शेवटी बेरीज करून बघायची, ११.२५ आणि ०.७५ मिळून १२, घातले होते तेही १२. ही बेरीज करायला दहा सेकंद लागतात आणि पेपरात कुणी करत नाही.

यातून सुटलेले बरेचजण पुढच्या खड्ड्यात पडतात, मोल काढतात आणि ज्याचे मोल कमी तो लिमिटिंग म्हणून मोकळे होतात. ऑक्सिजन तेवढाच ठेव आणि हायड्रोजन १ ग्रॅम घे. मोल झाले ०.५ आणि ०.३१२५. कमी ऑक्सिजन आहे, पण त्याला ०.६२५ हायड्रोजन हवाय आणि आहे फक्त ०.५, म्हणजे या वेळी हायड्रोजन आधी संपतो. समीकरणातला तो २ चा आकडा नुसता बॅलन्स करण्यापुरता नसतो, तोच सांगतो कुणाला किती लागणार.

राहिला अभ्यास. सोडवलेलं उदाहरण वाचणं बंद कर, म्हणजे वाच पण झाकून वाच. वर कोरा कागद ठेव, फक्त प्रश्न दिसू दे, आणि फॉर्म्युला लिहायच्या आधी तोंडाने सांग की भांड्यात आहे काय, काय कशाशी जुळतंय, शेवटी काय उरणार. सांगता आलं नाही तर कागद एकच ओळ खाली सरकव, आणि परत स्वतः. एका बैठकीला चारच उदाहरणं होतील आणि वाटेल की काहीच झालं नाही. होऊ दे तसं. दुसऱ्या दिवशी त्यातलं एक आकडे बदलून कोऱ्या पानावर कर.

आमच्या प्रॅक्टिकलला माझी टायट्रेशनची रीडिंग जुळतच नाहीत, १८.३, १८.९, १८.१ अशी काहीही येतात. पार्टनर म्हणतो तिन्हीकडे १८.३ लिही. शिवाय गुलाबी रंग येतो आणि जातो, मग मी अजून थोडं सोडते तर एकदम गडद होतं. रंग गेला म्हणजे माझं चुकलं ना?

रंग गेला म्हणून काही चुकलं नाही, तो गेल्यावर तू जे सोडलंस तिथे चुकलं. फ्लास्कमधलं रंग बदलणारं फिनॉल्फ्थॅलिन पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) ८.२ च्या आसपास गुलाबी व्हायला लागतं, म्हणजे फ्लास्कमधलं आम्ल संपून ब्युरेटमधून (खुणांची, खाली नळ असलेली उभी नळी) सोडलेलं सोडियम हायड्रॉक्साइड अगदी किंचित जास्त झालं की. पण फ्लास्क उघडा आहे, तू हलवतेयस, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, तो आम्लधर्मी, त्यामुळे पीएच परत खाली येतो आणि रंग फिका पडतो. म्हणून फिकट गुलाबी हलवल्यावर साधारण ३० सेकंद टिकला की तोच एंड पॉइंट, म्हणजे थांबायची जागा, मिनिटभराने गेला तर जाऊ दे. गडद गुलाबी दिसायला छान पण ते रीडिंग बाद.

आता न जुळण्याचं. तू काय काय करतेस ते मला दिसत नाही, पण मी इतक्या मुलांमागे उभी राहिलेय की अंदाज आहे. पहिलं, ब्युरेटच्या नळाखाली टोकात हवेचा बुडबुडा अडकतो, सुरुवातीचं रीडिंग घेताना तो असतो आणि मध्येच निघून जातो, गेलं अर्धा मिली! सुरुवातीलाच नळ पूर्ण उघडून जोरात थोडं सोडून द्यायचं. दुसरं, भरताना लावलेलं फनेल तसंच वर राहतं आणि टायट्रेशन चालू असताना त्यातून थेंब पडत राहतात. तिसरं, पिपेटच्या (ठरावीक मापाने आम्ल घ्यायची नळी) टोकात उरतं ते फुंकून काढायचं नाही, टोक फ्लास्कच्या काचेला टेकवायचं आणि सोडायचं, पिपेटवरच्या खुणेत तो उरलेला भाग आधीच धरलेला असतो.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक धुण्यातली. ब्युरेट धुतल्यावर जे त्यात भरणार त्यानेच खळबळून घ्यायची, पिपेटचंही तसंच, पण कॉनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने. मुलं उत्साहाने फ्लास्कही आम्लाने खळबळतात, मग आत चिकटलेलं आम्ल जादा मोजलं जातं आणि दर वेळी वेगळं. फ्लास्कमध्ये पाणी राहिलेलं चालतं? हो, खुशाल, कारण पिपेटने जितके मोल टाकलेस तितकेच राहतात, पाण्याने पातळ झाले म्हणून कमी झाले नाहीत. ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर मात्र द्रावण पातळ होतं आणि तुला माहीत असलेली मोलॅरिटीच (एका लिटरमागे किती मोल) खोटी ठरते. हे एवढं समजलं ना की व्हायवाचं अर्धं काम झालं.

पहिलं रीडिंग रफ समज, भराभर घे. पुढच्या वेळी त्याच्या एक मिली अलीकडे थांब आणि मग थेंब थेंब, खाली पांढरा कागद ठेवून. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, त्यामुळे दोन रीडिंग ०.१ च्या आत येणं अवघड नाहीये. आणि १८.३ नाही, १८.३० किंवा १८.३५ लिही, दोन बारीक रेषांच्या मधला अंदाज डोळ्याने करायचाच असतो, नजर पातळीच्या समोर आणून. पार्टनरचं ऐकू नकोस. तीन वेळा हुबेहूब सारखं रीडिंग बघितलं की तपासणाऱ्याला लगेच वास येतो.

११८ मूलद्रव्यं पाठ करायची का?

नाही. पहिली वीस क्रमाने, मग १, २, १७ आणि १८ वा गट, आणि लोखंड, तांबं, जस्त, चांदी वगैरे रोजचे धातू, बस. बाकी तक्ता समोर असतोच. पाठ करायचंच असेल तर आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाठ कर, नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, फॉस्फेट, अमोनियम, त्यांच्या चार्जसकट, ते चुकले की सूत्र चुकतं आणि पुढचं सगळंच गेलं. मेंडेलीवने १८६९ मध्ये तक्ता मांडला तेव्हा पाठांतरासाठी नव्हता मांडला, गुणधर्म बघून रिकाम्या जागा सोडल्या होत्या त्याने, आणि १८७५ मध्ये गॅलियम सापडलं ते त्यातल्याच एका जागेत जाऊन बसलं. तसा वाच तो, डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान का होतो, असं विचारत.

माझी मुलगी बायो आणि केमिस्ट्री दोन्ही शिकते. बायोच्या सरांनी सांगितलं एटीपीचा (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) बंध तुटला की ऊर्जा मिळते, केमिस्ट्रीच्या सरांनी सांगितलं बंध तोडायला ऊर्जा लागते. घरात दोन दिवस वाद चालू आहे. मी अकाउंट्सवाला, मला काही कळेना. कोण बरोबर?

केमिस्ट्रीचे सर. आणि बायोचे सर खोटं बोलत नाहीयेत, ते अर्धं वाक्य बोलतायत. बंध कुठलाही असो, तोडायला ऊर्जा खर्चच होते, आणि नवा बंध जुळला की ऊर्जा बाहेर पडते. तुम्ही अकाउंट्सवाले ना, मग जमाखर्चच मांडते. हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते ते घ्या, दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन. खर्चाच्या बाजूला हायड्रोजनचे दोन बंध, प्रत्येकी ४३६ किलोज्यूल, झाले ८७२, आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध ४९८, एकूण १३७०. जमेला पाण्यातले ओ-एच बंध, दोन रेणूंचे मिळून चार, प्रत्येकी सरासरी ४६३, झाले १८५२. वजा केलं की ४८२ किलोज्यूल शिल्लक, ती उष्णता म्हणून बाहेर येते. ही शिल्लक तुटण्यातून नाही आली, नवे बंध जास्त मजबूत जुळले त्यातून आली. एटीपीचंही तसंच, पाण्याबरोबरच्या रिअ‍ॅक्शनमध्ये एक बंध तुटतो पण त्याच वेळी नवे जुळतात, पाण्याचे रेणू तयार झालेल्या आयनांना घेरतात, आणि सगळा हिशोब मिळून जमा निघते. मुलीला म्हणावं पेपर ज्या विषयाचा त्या विषयाचं वाक्य लिही, पण डोक्यात ताळेबंद ठेव.

नोकरी सांभाळून वयाच्या चाळिशीत परत फर्स्ट इयरचं केमिस्ट्री करतोय. गणित कच्चं, लॉग तर विसरूनच गेलो. १० चा उणे ८ वा घात मोलरच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढला तर ८ आला आणि सरांनी लाल शाईने मोठ्ठा प्रश्नचिन्ह काढला. फॉर्म्युला तर बरोबर होता! शिवाय मागच्या सबमिशनमधली दोन उत्तरं दहापट आली.

लॉग अगदी बरोबर घेतलात, आणि गणित कच्चं म्हणताय तेही मला पटत नाही. पण उत्तराकडे परत बघा, आम्ल घातलं पाण्यात आणि द्रावण अल्कधर्मी निघालं? असं होतंय होय! हायड्रोजन आयन फक्त आम्लाकडूनच येतात असं तुम्ही धरलंत. एरवी चालतं ते, ०.१ मोलर आम्लासमोर पाण्याचे स्वतःचे आयन कुठल्या कुठे. पण २५ अंशाला शुद्ध पाण्यात ते १० चा उणे ७ वा घात मोलर असतातच, म्हणजे तुमच्या आम्लापेक्षा दहापट. दोन्ही धरून वर्गसमीकरण सोडवलं की पीएच ६.९८ येतो. सातच्या जरासा खाली, जसा यायला हवा तसा.

हीच भानगड वीक अ‍ॅसिडच्या उदाहरणांत, जिथे पुस्तक म्हणतं एक्स (आम्लाचा सुटा झालेला भाग) लहान म्हणून सोडून द्या. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा केए, म्हणजे आम्ल किती सहज सुटं होऊन हायड्रोजन आयन देतं ते सांगणारा आकडा, १.८ गुणिले १० चा उणे ५ वा घात. ०.१ मोलर असेल तर जेमतेम १.३ टक्के रेणू सुटे होतात, पीएच २.८७, सोडून दिलं तर काही बिघडत नाही. तेच ०.०००१ मोलर घ्या, सोडून दिलंत तर ४२ टक्के सुटे झाले असं उत्तर येतं, आता ४२ टक्के म्हणजे लहान कसं? नीट सोडवलं की ३४ टक्के आणि पीएच ४.४६. पाच टक्क्यांच्या आत असेल तरच सोडायचं, आणि ते आधी नाही कळत, उत्तर काढून मागे वळून बघायचं.

गणित म्हणाल तर लॉग, घातांक आणि एकके, एवढंच लागतं या वर्षाला, आणि वायूंच्या गणितात तापमान केल्विनमध्ये घ्यायचं एवढं लक्षात ठेवा. २५ चं ५० अंश झालं म्हणजे दुप्पट नाही झालं, २९८ चं ३२३ झालं, म्हणजे दाब वाढला तर आठ टक्क्यांच्या आसपास. आणि कॅलक्युलेटरवर घाताचं ते ईएक्सपी बटण असतं ना, त्यात १० गुणिले आधीच धरलेलं असतं, तुम्ही परत १० दाबून मग ते दाबलंत तर उत्तर बरोबर दहापट येतं. मागच्या सबमिशनमधली दोन उत्तरं दहापट आलीत म्हणून तुम्ही लिहिलंय, तिथे आधी हे तपासा.