सिव्हिल म्हणजे नागरी, मग कायदेभंगच तेवढा 'सविनय' का?

एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. मुलीला शाळेत मार्टिन ल्यूथर किंगवर, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या नेत्यावर, पाच मिनिटं बोलायचंय आणि ताई भाषण लिहून देतायत. सिव्हिल राइट्स म्हणजे नागरी हक्क, इथपर्यंत ठीक. मग सिव्हिल डिसओबिडियन्सला सविनय कायदेभंग का म्हणायचं, नागरी कायदेभंग का नाही? इंग्रजीत शब्द तर तोच आहे. आणि मुलगी म्हणे 'सविनय' ऐकून हसते, तिला वाटतं कायदा मोडायच्या आधी या लोकांनी अर्ज केला होता.

मुलीचं काही चुकलेलं नाही. सविनय म्हटलं की आपल्याही डोक्यात अर्जच येतो. 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की माझ्या पाल्यास दोन दिवसांची रजा मिळावी.' आयुष्यभर हा शब्द आपण मान खाली घालूनच वापरलाय, तो अचानक कायदेभंगाच्या शेजारी दिसला की विचित्र वाटणारच.

आधी सिव्हिलचं बघू, कारण हा शब्द मराठीत एका घरात कधी राहिलाच नाही. सिव्हिल कोर्ट म्हणजे दिवाणी न्यायालय, सिव्हिल इंजिनिअर म्हणजे स्थापत्य अभियंता, सिव्हिल वॉर म्हणजे यादवी, सिव्हिल सर्व्हंट म्हणजे सनदी नोकर, सिव्हिल सप्लाय म्हणजे नागरी पुरवठा, आणि पेशंटला 'सिव्हिलला हलवलं' म्हटलं की सरकारी जिल्हा रुग्णालय, त्याचं भाषांतर करायच्या भानगडीत कोणी पडतच नाही. प्रत्येक वेळी समोर काय आहे ते बघून प्रतिशब्द ठरलाय, समोर फौजदारी असेल तर दिवाणी, समोर परकं सैन्य नसून आपलेच लोक असतील तर यादवी. त्यामुळे एका सिव्हिलचे दोन प्रतिशब्द झाले यात नवल नाही. नवल हे की 'सविनय' हा प्रतिशब्द मूळ शब्दाच्या अर्थाला धरून नाहीच, आणि तरी माझ्या मते तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे. निदान किंगच्या बाबतीत तरी.

मूळ शब्द येतो हेन्री डेव्हिड थोरो या अमेरिकन लेखकाकडून. गुलामगिरी पोसणाऱ्या आणि मेक्सिकोवर युद्ध लादणाऱ्या सरकारला मी पैसे देणार नाही म्हणून याने डोईपट्टी भरली नाही, आणि १८४६ च्या जुलैमधे काँकर्डच्या तुरुंगात एक रात्र काढली. त्यावरचा निबंध १८४९ मधे छापून आला तेव्हा त्याचं नाव होतं 'रेझिस्टन्स टू सिव्हिल गव्हर्नमेंट', म्हणजे नागरी शासनाला प्रतिकार. नीट बघा, सिव्हिल हे तिथे सरकारचं विशेषण आहे, मोडणाऱ्याचं नाही! थोरो वारला १८६२ मधे, आणि 'सिव्हिल डिसओबिडियन्स' हे नाव त्या निबंधाला मिळालं १८६६ च्या पुस्तकात. तिथे गव्हर्नमेंट गळालं आणि सिव्हिल डिसओबिडियन्सला जाऊन चिकटलं. म्हणजे व्युत्पत्ती बघायची तर ताईंचं 'नागरी कायदेभंग' जास्त बरोबर आहे, वाद नाही.

पण हा शब्द आपल्याकडे थोरोकडून थेट आला नाही, गांधींच्या हातून आला. आणि गांधींनी सिव्हिलचा दुसरा अर्थ उचलला, सभ्य, सुसंस्कृत, तोंडाळपणा न करणारा. २४ मार्च १९२० च्या 'यंग इंडिया' या आपल्या साप्ताहिकात त्यांनी स्पष्टच लिहिलंय की आज्ञाभंग सिव्हिल व्हायचा तर तो प्रामाणिक, आदराने केलेला आणि संयमी हवा, त्यात उर्मटपणा नको आणि मनात द्वेष तर मुळीच नको. हा अर्थ गुजरातीत गेला 'सविनय' म्हणून, हिंदीत 'सविनय अवज्ञा' झाली, मराठीत 'सविनय कायदेभंग', आणि १९३० मधे शिरोड्याचा मिठाचा आणि बिळाशीचा जंगलाचा सत्याग्रह यांच्यामुळे तो इतका रुळला की पुढे नुसतं 'कायदेभंगात होते' म्हटलं तरी पुरायचं. (गुजरातीत 'सविनय भंग' असंही म्हणतात. ते मराठीत तसंच उचलू नका, आपल्याकडे विनयभंग हा वेगळाच गुन्हा आहे आणि शाळेच्या स्टेजवर घोटाळा होईल.)

आता विनय. आपण त्याचा अर्थ नम्रपणा एवढाच करून ठेवलाय. पण वि अधिक नी, नेणं, वळण लावणं, शिस्त लावणं हा त्याचा जुना अर्थ आहे. बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक, त्यात 'कृपया' आणि 'आभारी आहे' कसं म्हणावं हे नाहीये, संघात राहणाऱ्याने काय करायचं नाही याची कडक यादी आहे. सविनय म्हणजे विनंती करून असा अर्थ लावला तर किंग बिचारा वाटतो. सविनय म्हणजे वळण लावून घेतलेल्या माणसांनी केलेला कायदेभंग असा लावला तर तोच शब्द एकदम ताठ उभा राहतो, आणि किंगच्या चळवळीत हे वळण लावणं अक्षरशः चालायचं.

१९६३ मधे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्धच्या मोर्च्यात यायचं तर आधी एका कार्डावर सही करावी लागायची. त्यावर दहा कलमं. किंगने पुढच्या वर्षी आलेल्या पुस्तकात ती पूर्ण दिलीयत. त्यातलं सहावं: मित्र असो की शत्रू, रोजच्या सभ्यपणाचे नियम दोघांशीही पाळीन. आठवं: मुठीने, जिभेने किंवा मनाने हिंसा करणार नाही. जीभ आणि मूठ एका ओळीत! हे सविनय नाही तर काय आहे? आणि ही यादी अर्जवाल्या विनयाची नाहीये, समोर पोलिसांची कुत्री आणि आगीच्या बंबाचे फवारे असताना पाळायची आहे.

याच्या आधीचा एक धागा तर आपल्या नागपूरला येऊन भिडतो. जेम्स लॉसन म्हणून एक कृष्णवर्णीय तरुण होता, कोरियन युद्धाच्या वेळी सैन्यात जायला नकार दिला म्हणून अमेरिकेत तुरुंगवास भोगून आलेला. सुटल्यावर मेथडिस्ट मिशनरी म्हणून तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायला आला, तीनेक वर्षं राहिला, गांधीविचार इथे शिकला, आणि अलाबामातल्याच माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेल्या बहिष्काराची बातमी त्याने नागपूरच्याच पेपरात वाचली. (हिस्लॉप कॉलेज कुठे आहे? सिव्हिल लाइन्समधे. शब्दाला आपला पिच्छा सोडायचा नाहीये.) परत गेल्यावर १९५७ मधे त्याची किंगशी गाठ पडली आणि मग नॅशव्हिल शहरात त्याने कॉलेजच्या पोरांचे वर्ग घेतले. वर्गात काय, तर अर्ध्यांनी गोरे गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून ओढायचं, आणि बाकीच्यांनी हात उचलायचा नाही. १९६० मधे ही पोरं दुकानांमधल्या 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसली तेव्हा त्यांच्याजवळ नियमांचा कागद होता: मारलं तर उलटून मारू नका, शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, सगळ्यांशी सभ्यपणे वागा. मला यातलं 'ताठ बसा' फार आवडतं. आपल्या मराठी मनातला विनय नेहमी वाकलेला असतो, यांचा ताठ बसलेला आहे.

आणि कायद्याचा भाग किंगने बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मांडलाय, १६ एप्रिल १९६३ चं पत्र. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पेपरात निवेदन काढलं होतं की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत, घाई करू नका. किंगने उत्तर लिहायला सुरुवात केली ती त्याच पेपरच्या कोऱ्या कडांवर, कारण सुरुवातीला कागदच नव्हता. त्यात तो म्हणतो की अन्याय्य कायदा मोडणाऱ्याने तो उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून मोडला पाहिजे. कायदा चुकवणं वेगळं आणि मोडणं वेगळं. सिग्नल तोडून गल्लीत घुसणारा कायदा चुकवतो, चौकात थांबून 'हो, मी मोडला, काय शिक्षा द्यायची ती द्या' म्हणणारा कायदेभंग करतो. सविनयमधलं 'स' हे ओझं वाहतं, 'नागरी कायदेभंग' म्हटलं तर ते कुठल्या कुठे सांडतं, उलट महानगरपालिकेचे नियम मोडल्यासारखं वाटतं.

एक पाचर मात्र आहे. त्याच पत्रात किंग बॉस्टन टी पार्टीलाही सिव्हिल डिसओबिडियन्स म्हणतो. १७७३ मधे ब्रिटिशांच्या चहावरच्या कराविरुद्ध बॉस्टनचे लोक वेषांतर करून रात्री जहाजांवर चढले आणि चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या, यात उघडपणा कुठला आणि विनय कुठला! गोऱ्यांना त्यांच्याच इतिहासातून टोला मारायचा होता म्हणून त्याने तो दाखला दिला असं मला वाटतं. भाषांतर करताना मी तिथे नुसतं 'कायदेभंग' लिहीन, सविनय गाळून.

ताईंना अजून एक सांगायचंय, भाषणात सरसकट सगळीकडे सविनय कायदेभंग घालू नका. माँटगोमेरीला १९५५-५६ मधे ३८१ दिवस लोक बसमधे बसले नाहीत, चालत गेले. बसमधे न बसणं हा काही गुन्हा नव्हे (तरी १९२१ चा एक जुना कायदा शोधून किंगला ५०० डॉलर दंड ठोकलाच). तिथे शब्द बहिष्कार किंवा असहकार, आणि यातही किंगचा कल बघण्यासारखा आहे. माँटगोमेरीवरच्या पुस्तकात तो लिहितो की बॉयकॉट हा शब्द त्यालाच खुपायला लागला, कारण वर्णभेदवाल्या गोऱ्यांच्या संघटना तेच हत्यार वापरत होत्या, मग त्याला थोरो आठवला आणि पुढे तो असहकार म्हणायला लागला. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. आपला बहिष्कार एकीकडे टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या शेजारी बसतो आणि दुसरीकडे वाळीत टाकणं म्हणजेही तोच, बाबासाहेबांनी १९२७ मधे पत्राचं नावच 'बहिष्कृत भारत' ठेवलं होतं. आणि गंमत म्हणजे त्याच पुस्तकात किंग सांगतो की सुरुवातीच्या दिवसांत असहकार, अहिंसक प्रतिकार यातला एकही शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, लोक म्हणायचे 'ख्रिस्ती प्रेम'. शब्द मागून आले, पाय आधी चालले.

'नागरी हक्क' हा मात्र बिनधास्त वापरा, तो आपल्याकडे पुस्तकी नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम याच नावाने ओळखला जातो, म्हणजे मराठीत या शब्दाला चवदार तळ्याचं पाणी लागलेलं आहे. किंगलाही ते नातं दिसलं होतं. १९५९ मधे तो भारतात आला, मुंबईत मणिभवनात राहिला, आणि केरळात एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी दलित मुलांसमोर त्याची ओळख 'अमेरिकेतले आपले एक अस्पृश्य बांधव' अशी करून दिली. तो नंतर एका प्रवचनात कबूल करतो की आधी मला राग आला, मग विचार केला आणि मनाशी म्हटलं, हो, मी अस्पृश्यच आहे. मुलीच्या भाषणात एकच प्रसंग बसणार असेल तर माझ्या मते हा घ्या.

शेवटी ताईंनी जाता जाता विचारलेलं, तुरुंगातल्या पत्रातला हाका मारण्याचा भाग मराठीत कसा आणायचा. कृष्णवर्णीय माणूस कितीही वयाचा असो त्याला 'बॉय', आणि बायकोला, आईला कधीच 'मिसेस' नाही, असं किंग लिहितो. 'बॉय'ला 'मुलगा' करू नका, ते प्रेमाचं वाटतं, तिथे 'ए पोऱ्या' हवं. मिसेसला 'सौ.' चालणार नाही, ते पत्रिकेवरचं आहे, आणि 'श्रीमती' म्हटलं की आपल्याकडे निम्मे लोक नवरा वारला का विचारतात. मी लिहीन, 'तुमच्या आईला कोणी कधी अहो-जाहो करत नाही.' अर्थ तोच पोचतो. पण त्याच १९६३ मधली अलाबामाच्या कोर्टातली मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीची गोष्ट सांगणार असाल, वकील नुसतं 'मेरी' म्हणाला म्हणून तिने उत्तर द्यायला नकार दिला, कोर्टाचा अवमान म्हणून पाच दिवस तुरुंग आणि ५० डॉलर दंड झाला, आणि १९६४ मधे सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, तर तिथे भाषांतर करूच नका. 'कुमारी हॅमिल्टन' म्हणजे शाळेचा हजेरीपट वाटतो. ती 'मिस हॅमिल्टन' म्हणा म्हणाली होती, तेच राहू द्या.